सेल पुरवून वापरणे : नगर जिल्ह्यातल्या बॅटरीचा इतिहास

१९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रमांची एक मालिका प्रसारित केली. कार्यक्रम आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्धा तास चाले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत त्यासाठी श्रोतृमंडळे उभी केली होती. मंडळातली वीसएक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व मते पुण्याला कळवीत. कॅनडात १९४१ पासून चाललेल्या शेतकरी श्रोतृमंडळांचा हा भारतीय अवतार होता. युनेस्कोने त्याला मदत केली, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले, आणि जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांचा त्यावरचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. त्याच वर्षी ही मंडळे देशभर नेण्याचे ठरले.

संज्ञापनाच्या अभ्यासात या प्रयोगाचे नाव आदराने घेतले जाते. तो ज्या बॅटऱ्यांवर चालला त्यांच्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. त्या काळी वीज पोचलेली खेडी थोडी होती. वीज नसलेल्या गावात सार्वजनिक रेडिओ कोरड्या बॅटरीवर किंवा भरून आणायच्या ओल्या बॅटरीवर चाले, आणि बॅटरी बसली की चर्चाही बसे. कमी विजेत जास्त काम करून घेण्याची विद्या नगर जिल्ह्याच्या खेड्यांत या रेडिओच्या पेटीपासून रुजत गेली. आज शाळकरी मुले छंद म्हणून जी इलेक्ट्रॉनिक उपकरणे जोडतात, त्यांत बॅटरी लवकर का संपते याची उत्तरेही या इतिहासात सापडतात.

त्या वेळचा बॅटरीवरचा रेडिओ हा व्हॉल्व्हचा. काचेच्या नळीतली तार तापवल्याशिवाय व्हॉल्व्ह काम करीत नाही, म्हणून संचाला दोन वेगळ्या बॅटऱ्या लागत : तारा तापवायला दीड व्होल्टची आणि प्रत्यक्ष कामाला नव्वद व्होल्टची. नव्वद व्होल्टचा पुठ्ठ्याचा गठ्ठा फोडला तर आत दीड व्होल्टचे साठ लहान सेल एकसर जोडलेले निघत. चार व्हॉल्व्हच्या नेहमीच्या संचात तीन व्हॉल्व्हच्या तारा प्रत्येकी ५० मिलिअँपिअर आणि शेवटच्या, ध्वनिक्षेपक हलवणाऱ्या व्हॉल्व्हची तार १०० मिलिअँपिअर घेई. म्हणजे कोणी बोलो वा न बोलो, संच चालू आहे तोवर २५० मिलिअँपिअर नुसत्या तारा तापवण्यात जात. नव्वद व्होल्टच्या बाजूने आणखी दहा-पंधरा मिलिअँपिअर जात ते वेगळेच. दोन्ही मिळून खर्च साधारण दीड वॅट होई आणि त्यातून आवाज निघे तो जास्तीत जास्त पाव वॅटच्या आसपास.

१९५० च्या दशकात युरोपीय कारखान्यांनी डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ ही व्हॉल्व्हची नवी मालिका काढली. तिच्यातल्या तारा आधीच्या ९१ मालिकेच्या निम्म्या प्रवाहावर तापत. पहिल्या तीन व्हॉल्व्हना प्रत्येकी २५ आणि शेवटच्याला ५० असे मिळून १२५ मिलिअँपिअर पुरत. रेडिओच्या गुणात ऐकणाऱ्याला कळेल असा फरक पडला नव्हता, पण तारा तापवणारी बॅटरी दुप्पट चालू लागली. बॅटरी मोठी करण्यापेक्षा भुकेलेला भाग शोधून त्याची भूक कमी करणे जास्त फायद्याचे असते. या धड्याचे इतके स्वच्छ उदाहरण पुढच्या काळातही क्वचितच मिळते.

या संचांचा एक स्वभाव मात्र कोणत्याही मालिकेने बदलला नाही. शेवटचा व्हॉल्व्ह ज्या पद्धतीने जोडलेला असे तिला ‘अ’ वर्ग म्हणतात. तिच्यात शांततेतही आणि मोठ्या आवाजातही प्रवाह जवळजवळ सारखाच वाहतो. मोट रिकामी येत असली तरी बैलांनी धाव उतरतच राहावे, तसा तो प्रकार होता. त्यामुळे आवाजाचे बटण मागे फिरवून व्हॉल्व्हच्या रेडिओची बॅटरी वाचत नसे. वाचवायचा एकच मार्ग होता : संच बंद करणे. गावच्या सार्वजनिक रेडिओला म्हणूनच एक जबाबदार माणूस नेमावा लागे आणि कार्यक्रमाची वेळ झाली की लावणे, संपला की बंद करणे हे त्याचे काम असे. १९३० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातल्या खेड्यांसाठी बसवलेल्या सार्वजनिक संचांत तर हे काम घड्याळाच्या स्विचवर सोपवलेले होते. ठरल्या वेळी संच आपोआप लागे आणि आपोआप बंद होई. आजच्या मायक्रोकंट्रोलर चिपला ठरावीक वेळाने जागे करणाऱ्या घड्याळाचा हा थेट पूर्वज मानायला हरकत नाही.

वीस कार्यक्रमांचे मिळून ऐकणे दहा तासांचे. तेवढ्यासाठी कोणतीही बॅटरी पुरेशी होती. पण चावडीत रेडिओ आल्यावर गाव दहा तासांवर थांबणे शक्य नव्हते. भजने, बातम्या, लोकसंगीत, बाजारभाव यांची ओढ होतीच. जी बॅटरी आणायला तालुक्याला जावे लागते ती कशावर खर्चायची, हा प्रश्न दर गावाने आपापल्या परीने सोडवला.

ट्रान्झिस्टरने हे सारे गणित मोडले. १९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत त्याचा शोध लागला, १९५४ मध्ये तिथे पहिला खिशातला रेडिओ विक्रीला आला आणि १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर संच महाराष्ट्राच्या खेड्यांत पोचले. आता तापवायची तार उरली नव्हती, नव्वद व्होल्टही उरले नव्हते. चार मोठे सेल, सहा व्होल्ट, आणि शांततेत दहाएक मिलिअँपिअर : म्हणजे साठ मिलिवॅट. व्हॉल्व्हच्या दीड वॅटच्या तुलनेत खर्च वीस पटींहून कमी झाला. टपाल कार्यालयात परवान्याचे पैसे भरून, कातडी म्यानातला रेडिओ खांद्याला अडकवून माणसे शेतावर जाऊ लागली. हा परवाना १९८५ मध्ये रद्द झाला.

याहून महत्त्वाचा बदल आत झाला होता. ट्रान्झिस्टर संचाच्या शेवटच्या टप्प्यात बहुधा दोन ट्रान्झिस्टरांची जोडी असे. ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एकाने उचलायचा, खालचा दुसऱ्याने. या ‘ब’ वर्गाच्या जोडणीत शांततेत दोघेही जवळजवळ विश्रांती घेतात आणि आवाज वाढेल तसा प्रवाह वाढतो. मोठ्या आवाजात तो शांततेच्या पाच-सात पट सहज होई. आता आवाज कमी ठेवला की सेल खरोखरच जास्त दिवस चालत. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुणे केंद्राच्या बातम्या घरभर ऐकू येतील इतक्या मोठ्याने, पण इतर वेळी कानाशी धरून हळू, ही वागणूक कंजूषपणाची वाटली तरी तिला सर्किटचा पक्का आधार होता. वडीलधाऱ्यांचे “रेडिओ बारीक करा, सेल उतरतील” हे वाक्य व्हॉल्व्हच्या काळात चुकीचे ठरले असते. ट्रान्झिस्टरच्या काळात ते तंतोतंत बरोबर होते.

सेल पुरवून वापरण्याच्या इतर प्रथाही याच दोन-तीन दशकांत घरोघरी मुरल्या. त्यांतल्या काही शास्त्राला धरून आहेत, काही घातक. सेल उतरला की तो काढून उन्हात ठेवत. जस्त-कार्बनच्या सेलमध्ये जस्ताचा डबा हा एक ध्रुव, मध्ये कार्बनची कांडी, आणि त्यांच्यात मँगनीज डायऑक्साइड, कार्बनची पूड व क्षारांचा ओलसर लगदा असतो. लोक त्याला मसाला म्हणतात. प्रवाह घेत राहिले की कांडीभोवतीच्या मसाल्यात विक्रियेतून निर्माण झालेले पदार्थ साचतात आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. विश्रांती मिळाली की ते हळूहळू पांगतात. उष्णतेने आयनांची हालचाल वाढून हे काम लवकर होते. त्यामुळे उन्हात ठेवलेला सेल काही वेळ पुन्हा बोलतो, पण त्यात नवी ऊर्जा येत नाही. अडकून पडलेली थोडी हाती लागते इतकेच. सेल दाताखाली दाबणे किंवा दगडाने चेपणे हा उपाय याच तत्त्वाचा आडदांड भाऊ. दाबाने मसाला कांडीला पुन्हा भिडतो, पण आधीच झिजून पातळ झालेला जस्ताचा डबा फुटतो आणि आतला क्षार पितळी पट्ट्या खाऊन टाकतो. या एका सवयीने अनेक रेडिओंचे सेलचे खण हिरवे होऊन गेले.

चारांतले दोनच सेल नवे घालण्याची प्रथाही अशीच नुकसानीची. एकसर जोडणीत चौघांतून सारखाच प्रवाह जातो. जुन्यांतला एखादा सेल आधी रिकामा होतो आणि मग उरलेले तिघे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात. तो गळतो, आणि नव्यांचीही शक्ती त्याच्यात वाया जाते. उलट, उतरलेले सेल रेडिओतून काढून घड्याळात घालणे ही अत्यंत शहाणी सवय होती. भिंतीवरच्या क्वार्ट्झ घड्याळाला सरासरी मिलिअँपिअरचा लहानसा अंश पुरतो. रेडिओला न चालणारा सेल तिथे महिनोन्‌महिने चालतो. कोणता सेल ‘संपला’ हे त्याला जोडलेल्या उपकरणावर ठरते, ही समज त्या घरांमध्ये पुस्तकाशिवाय आलेली होती.

रेडिओइतकेच सेलचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे हातातली विजेरी. प्रवरा आणि मुळा यांच्या कालव्यांवर ऊस वाढला, आणि शेतीपंपांना तिन्ही फेजची वीज पाळीपाळीने, बऱ्याचदा रात्री मिळू लागली. दारे धरायला रात्री निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात विजेरी असतेच. दोन सेलच्या जुन्या विजेरीतला दिवा साधारण ३०० मिलिअँपिअर खात असे, म्हणजे ट्रान्झिस्टर रेडिओच्या शांततेतल्या प्रवाहाच्या तीसपट. म्हणून ती सतत लावून चालत नसत. बांध, ओढा, साप असण्याची जागा आली की क्षणभर बटण दाबायचे आणि उरलेली वाट अंधारात सरावाने तुडवायची. पांढरा एलईडी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आला. एका एलईडीला वीस मिलिअँपिअर पुरतात, आणि पुढच्या दशकात तो नगरच्या बाजारातल्या स्वस्त विजेऱ्यांत शिरल्यावर अंधारात चालण्याची ती गरज बरीच कमी झाली.

उसात बिबट्या राहू लागल्यावर उजेड ही सोय उरली नाही, सुरक्षिततेची बाब झाली. बॅटरी पुरवून वापरण्याच्या इतिहासातला पुढचा ठळक प्रसंगही बिबट्याचाच आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक प्रौढ नर बिबट्या विहिरीत पडला. वन विभागाने त्याला बाहेर काढल्यावर वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याच्या गळ्यात उपग्रहावरून ठिकाण टिपणारा पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव ‘आजोबा’ पडले. काही आठवड्यांत तो शंभर किलोमीटरहून अधिक चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला, आणि २०१४ मध्ये त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला. अकोले तालुक्याच्या शेतीप्रदेशातल्या बिबट्यांनाही या अभ्यासात असे पट्टे लावले गेले.

अशा पट्ट्याची अडचण उघड आहे. सेल बदलायचा तर बिबट्या पुन्हा पकडावा लागतो. उपग्रहांचे संकेत ऐकणे आणि मोबाइलच्या जाळ्यावरून संदेश पाठवणे ही दोन्ही खर्चिक कामे आहेत, म्हणून असा पट्टा दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला असतो. काही तासांनी जागे व्हायचे, ठिकाण टिपायचे, पुन्हा झोपायचे. अनेक नोंदी साठल्या की त्या एकत्रच पाठवायच्या. आजोबाचा प्रवास नकाशावर रेघ म्हणून दिसला तो या तुटक नोंदींमधून. चावडीतल्या रेडिओला वेळ संपली की बंद करणारा माणूस आणि हा पट्टा, दोघांची शिस्त एकच आहे. फक्त पट्ट्याला माणूस लागत नाही.

हीच शिस्त आता छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांच्या हाती आली आहे. नगर जिल्ह्याच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत विज्ञान शिकण्याची त्यांची पद्धत पुढे अनेक शाळांनी घेतली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब ही कार्यशाळा उभी राहिली, आणि खेड्यातल्या मुलांना मायक्रोकंट्रोलर हाताळायला मिळू लागला. २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनो या शिकाऊ बोर्डाने हे काम आणखी सोपे केले. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा टपालाने मागवून आज ते कोणालाही मिळते, आणि डाळिंबाच्या बागेतला किंवा ठिबकावरच्या उसातला ओलावा मोजणे हा त्यावरचा अगदी स्वाभाविक पहिला प्रकल्प असतो.

आणि त्याची बॅटरी पहिल्याच रात्री संपते. कारण व्हॉल्व्हच्या रेडिओचेच आहे : काम नसताना चाललेला खर्च. आर्डुइनो उनो हा बोर्ड नुसता चालू ठेवला तरी ४५ ते ५० मिलिअँपिअर घेतो. यात मुख्य चिपचा वाटा थोडा असतो. बाकीचे यूएसबीची दुसरी चिप, नेहमी जळणारा हिरवा दिवा आणि व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर खातात. त्यातून नवशिका हमखास नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतो. तिची क्षमता अल्कलाइन असली तरी ५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच असते, म्हणजे दहा तास. शिवाय नऊचे पाच व्होल्ट करताना वरचे चार व्होल्ट रेग्युलेटर तापवण्यातच जातात, म्हणजे ४४ टक्के ऊर्जा. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यातल्या साठ लहान सेलांप्रमाणे या चौकोनी बॅटरीतही सहा लहान सेल आहेत. व्होल्ट वाढतात, साठा वाढत नाही.

उपाय त्याच क्रमाने येतो ज्या क्रमाने तो इतिहासात आला. आधी भुकेलेले भाग काढायचे : बोर्ड सोडून त्यावरची एटीमेगा ३२८पी ही चिप एकटी वापरायची आणि तिला दोन अल्कलाइन पेन्सिल सेलांवर, रेग्युलेटरशिवाय, थेट चालवायचे. एक मेगाहर्ट्‌झच्या संथ घड्याळावर ती १.८ व्होल्टपर्यंत काम करते, म्हणजे प्रत्येक सेल ०.९ व्होल्टपर्यंत पिळून घेता येतो. मग तिला झोपवायचे. गाढ झोपेत, आठ सेकंदांनी जागे करणारे आतले घड्याळ चालू ठेवूनही, ती पाच मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. अशा पंचाहत्तर डुलक्या झाल्या की दहा मिनिटे होतात. तेव्हा दोन सेकंद जागे होऊन, संवेदकासकट २० मिलिअँपिअर खर्चून ओलावा मोजायचा. सरासरी काढली तर जागेपणाचा वाटा ६७ मायक्रोअँपिअर आणि झोपेचा पाच, मिळून ७२. पेन्सिल सेलचे २००० मिलिअँपिअर-तास यावर कागदोपत्री तीन वर्षांहून थोडे जास्त पुरतात. दहा तासांवरून तीन वर्षे हा फरक कोणत्याही महागड्या बॅटरीने साधला नसता.

संवेदकाची वीज कायम चालू न ठेवता चिपच्याच एका पायातून देण्याला आणखी एक कारण आहे. ओल्या मातीत रुतलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांना सतत एकदिश वीज दिली की विद्युत अपघटन सुरू होते. धन पट्टी काही आठवड्यांत काळी पडून झिजते आणि मोजमाप चुकू लागते. मोजण्यापुरतीच वीज दिली तर पट्टी टिकते आणि सेलही.

माहिती मोबाइलवर पाठवायची हौस असेल तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो. जीएसएम मॉड्यूल पाठवण्याच्या क्षणी दोन अँपिअरपर्यंत झटका घेते. पेन्सिल सेलांचे व्होल्टेज त्या क्षणी कोसळते आणि चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्याला भरता येणारी लिथियम बॅटरी आणि मोठा कपॅसिटर लागतो, आणि बिबट्याच्या पट्ट्याप्रमाणे नोंदी साठवून एकदम पाठवण्याची शिस्तही. कायम उघड्यावर राहणाऱ्या स्वयंचलित हवामान केंद्रांना बॅटरीबरोबर सौर पट्टी जोडतात ती यासाठीच.

शेवटी राहतात त्या बारीक गळत्या. सेलचे व्होल्टेज मोजण्यासाठी नवशिके दहा-दहा हजार ओहमचे दोन रोधक सेलला आडवे लावतात. तीन व्होल्टवर त्यांतून अखंड १५० मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे वरच्या संपूर्ण उपकरणाच्या सरासरीच्या दुप्पट. तिथे दहा-दहा लाख ओहमचे रोधक आणि मोजण्याच्या टोकाला छोटा कपॅसिटर लावला की ही गळती दीड मायक्रोअँपिअरवर येते. अशा गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. मल्टिमीटर मायक्रोअँपिअरच्या मापावर, सेल आणि सर्किट यांच्यामध्ये एकसर जोडून, चिप झोपलेली असताना पाहाव्या लागतात. ती जागी होताच या मापावर मीटरच्या आतल्या रोधातच व्होल्ट पडतात आणि चिप बंद पडू शकते, म्हणून जागेपणीचा प्रवाह मिलिअँपिअरच्या मापावर वेगळा पाहतात. तीन वर्षांच्या हिशेबात सेलची स्वतःहून होणारी झीजही धरावी लागते. अल्कलाइन सेल नुसता पडून राहिला तरी वर्षाला थोडी क्षमता गमावतो, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत ही झीज वाढते. म्हणून बांधावरची पेटी पांढरी रंगवून सावलीत ठेवतात, आणि हंगाम संपला की सेल काढून घेतात.